वेगाचे भाकीत आणि आगाऊ पैसा

एखादी नवी स्पोर्ट्‌स मोटार रस्त्यावर येण्याच्या दोन-तीन वर्षे आधीच तिचा आकडा येऊन दाखल होतो. ताशी इतके मैल, शून्यापासून साठापर्यंत इतके सेकंद. हा आकडा म्हणजे अभियंत्यांचा शास्त्रीय अंदाज, अशी आपली समजूत असते. तो अंदाज असतोच. परंतु त्याहून अधिक तो पैसा गोळा करण्याचे साधन असतो, आणि म्हणूनच प्रस्तुत लेखकासारख्या अर्थशास्त्राच्या अध्यापकाने, ज्याची स्वतःची मजल हप्त्याच्या दुचाकीपलीकडे गेलेली नाही, त्याविषयी लिहिण्याचे धाडस केले आहे.

ब्रिटनमधील जग्वार कंपनीचे उदाहरण पाहावे. ऑक्टोबर १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात तिने 'एक्सजे २२०' ही मोटार मांडली. २२० म्हणजे ताशी २२० मैल, सुमारे ३५४ किलोमीटर. भाकीतच बारशाचे नाव झाले! बारा सिलिंडरांचे इंजिन आणि चारही चाकांना शक्ती, असा तिचा थाट होता. पुढच्या वर्षी नोंदणी सुरू झाली. किंमत करांव्यतिरिक्त २ लाख ९० हजार पौंड, अनामत ५० हजार पौंड. गाड्या फार तर ३५० निघणार होत्या; अनामत भरण्यास चौदाशेहून अधिक लोक पुढे आले. १९९२ साली प्रत्यक्षात आलेल्या गाडीत मात्र साडेतीन लिटरांचे, सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन होते आणि शक्ती केवळ मागच्या चाकांना होती. इटलीतील नार्दो येथील वर्तुळाकार पथावर तिने ताशी २१२.३ मैलांचा वेग गाठला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून आणि इंजिनाची फेऱ्यांची मर्यादा वाढवून पुन्हा धाववली, तेव्हा २१७.१.

नावाला उणेपणा आणणारे हे तीन मैल इतके महाग का? मोठ्या वेगात मुख्य झुंज हवेशी असते, आणि हवेचा रोध भेदण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २१२ वरून २२० वर जाणे म्हणजे वेगात सुमारे साडेतीन टक्क्यांची वाढ. तिच्यासाठी शक्ती मात्र अकरा टक्क्यांच्या आसपास वाढवावी लागते. घटत्या फलाचा नियम शिकवताना आम्ही शेताचे आणि खताचे उदाहरण वर्षानुवर्षे देत आलो. हे उदाहरण विद्यार्थ्यांना अधिक रुचावे. इंजिनाची शक्ती, गाडीचा समोरचा आकार आणि तिचा वायुरोध ठाऊक असेल, तर कमाल वेगाचा अंदाज कागदावर बऱ्यापैकी बांधता येतो.

म्हणजे अभियंत्यांचे भाकीत फारसे चुकले नव्हते. पार कोसळले ते बाजाराचे भाकीत, आणि तो आमचा प्रांत! १९८९ साली अनामत भरणाऱ्यांतील अनेकांना गाडी चालवायची नव्हती, नफ्याने विकायची होती. पुढे ब्रिटनमध्ये मंदी आली आणि असे गिऱ्हाईक उरले नाही. उलट करारात भाववाढीचे कलम असल्याने किंमत चढतच गेली. काही ग्राहक न्यायालयात गेले, काहींनी पैसे मोजून करारातून सुटका करून घेतली. इंजिन बदलले ही त्यांची तक्रार खरीच होती. परंतु बाजार तेजीत असता तर ती किती जणांनी केली असती?

कथा तेथे संपली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेस्ला कंपनीने नव्या 'रोडस्टर'ची घोषणा केली. शून्य ते साठ मैल १.९ सेकंदांत, कमाल वेग २५० मैलांहून अधिक, गाडी २०२० साली मिळणार. अनामत ५० हजार डॉलर. पहिल्या हजार गाड्यांसाठी तर पूर्ण अडीच लाख डॉलर आगाऊ. २०२० साल गाडीवाचून गेले. घनाचे गणित अमेरिकेतही तेच आहे. अनिश्चित असते ती तारीख, आणि त्या अनिश्चिततेचा भार ग्राहकाच्या पैशावर पडतो.

सदनिकेसाठी आयुष्याची पुंजी आगाऊ भरलेल्या आपल्याकडील शिक्षकांना व कारकुनांना हा भार परका नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र बँक खात्यात ठेवण्याचे आणि त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवर खर्च करण्याचे बंधन विकासकावर घातले. न बनलेल्या मोटारीच्या अनामतीलाही असेच बंधन असावे, असे आमचे मत आहे. त्यामुळे भांडवल आटेल, असे निर्माते म्हणतील. तसे झाले तर त्यांनी बँकेकडे जावे. तेथील अधिकारी निदान इंजिनाची शक्ती आणि वायुरोध विचारून तो आकडा तपासून पाहील.