दिघीत उद्योगनगरी येतेय, पण म्हसळ्यातल्या छोट्या वर्कशॉपला त्यात काम मिळेल का? फरक पडतो ड्रिल मशीनच्या काही मिलिमीटरने

२८ ऑगस्ट २०२४. केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात १२ नव्या औद्योगिक शहरांना मंजुरी दिली. एकूण खर्च २८,६०२ कोटी रुपये. या यादीत महाराष्ट्रातलं नाव एकच होतं, रायगड जिल्ह्यातलं दिघी. साधारण ६,०५६ एकर जागा आणि ५,४६९ कोटींचा प्रकल्प. त्याआधी २०२१ मध्ये दिघी बंदर अदानी समूहाने ७०५ कोटींना घेतलं होतं.

दिघीहून माणगावकडे जाणारा रस्ता म्हसळ्यातून जातो. साहजिकच म्हसळा, श्रीवर्धन, तळा भागात "आता आपल्याकडे कामं येणार" अशी चर्चा सुरू झाली. जमिनींचे भाव, ट्रक, हॉटेलं यांवर सगळेच बोलतात. पण गेट, ग्रील आणि पत्र्याच्या शेड बनवणाऱ्या छोट्या फॅब्रिकेशनवाल्याचं काय? त्यालाही यातला वाटा मिळेल का?

हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. त्यातली एक मात्र त्याच्या स्वतःच्या हातात आहे, ती म्हणजे वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभं असलेलं ड्रिल मशीन. ते कसं, नीट समजून घेऊ.

मशीनवर लिहिलेलं "१३ मिमी" म्हणजे काय?

छोट्या वर्कशॉपमध्ये सहसा दोन प्रकारची मशीन दिसतात. टेबलावर ठेवायचं बेंच ड्रिल आणि जमिनीवर उभं राहणारं पिलर ड्रिल. बेंच ड्रिल बहुतेक १३ मिमीचं असतं, तर पिलर ड्रिल २० किंवा २५ मिमीचं.

हा आकडा म्हणजे त्या मशीनने पाडता येणाऱ्या सर्वात मोठ्या भोकाचा व्यास. पण तो कोणत्या धातूसाठी दिलाय, हे आधी विचारायचं. कारण एमएस म्हणजे साध्या लोखंडात जे जमतं, ते एसएस म्हणजे स्टेनलेस स्टीलमध्ये जमेलच असं नाही. शिवाय हा आकडा कमाल मर्यादेचा असतो. रोज दिवसभर त्याच मापाची भोकं पाडायची असतील, तर मशीन एक पायरी वरचं लागतं.

इथे अनेक जण एका गोष्टीत फसतात. बाजारात १८ मिमीचं पण मागची दांडी बारीक केलेलं बीट मिळतं. ते १३ मिमीच्या चकमध्ये छान बसतं, त्यामुळे वाटतं की काम झालं. प्रत्यक्षात बीट बसलं तरी मोटर आणि बेल्टची ताकद वाढलेली नसते. बेल्ट घसरतो, मोटर तापते आणि बीट पलीकडे निघताना प्लेटमध्ये अडकून जॉब गरकन फिरतो. हाताला मोठ्या जखमा अशाच होतात.

१२ च्या बोल्टला १३ चं भोक, मग १६ च्या बोल्टला?

स्टीलच्या बांधकामासाठी भारतात आयएस ८०० हे मानक आहे. बोल्टपेक्षा भोक किती मोठं असावं, हे त्यात ठरवून दिलंय.

- १२ मिमी बोल्टला १३ मिमीचं भोक
- १६ मिमी बोल्टला १८ मिमीचं भोक
- २० मिमी बोल्टला २२ मिमीचं भोक

आता हे आकडे आपल्या मशीनशी जोडून बघा. गेट, ग्रील, छोटी पत्र्याची शेड यांची कामं १२ मिमीपर्यंतच्या बोल्टवर निभावतात. म्हणजे १३ मिमीचं बेंच ड्रिल तिथे कसंबसं पुरतं. पण गोदाम किंवा कारखान्याची शेड म्हटली की ट्रसच्या जोडप्लेटा, क्लीट, कॉलमच्या जोडण्या यांना १६ आणि २० मिमीचे बोल्ट लागतात. तिथे भोक १८ किंवा २२ मिमीचं. बेस प्लेटची भोकं तर याहून मोठी ठेवतात.

म्हणजे घरगुती काम आणि औद्योगिक काम यांच्यातली रेषा १३ आणि १८ मिमीच्या मधून जाते. ज्याच्याकडे फक्त बेंच ड्रिल आहे, तो या रेषेच्या अलीकडेच राहतो.

गॅस कटरने भोक पाडलं तर चालत नाही का?

गावाकडे हा उपाय सर्रास होतो. भोक मोठं हवं असेल तर गॅसने कापायचं आणि वर वॉशर टाकून बोल्ट आवळायचा.

पण आयएस ८०० नुसार बोल्टची भोकं सर्वसाधारणपणे गॅस कटिंगने पाडायची नाहीत. कारण सरळ आहे. गॅसने कापलेलं भोक गोल येत नाही, कडा खडबडीत राहतात आणि उष्णतेमुळे कडेचं लोखंड बदलतं. त्यामुळे बोल्ट सगळीकडून सारखा टेकत नाही. जोरदार वाऱ्यात शेड हलायला लागली की ताण एकाच बाजूला येतो.

रायगडच्या किनाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, तेव्हा छपरं उडाली आणि शेड आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेलं. त्यामुळे कंपनीचा इंजिनिअर जोडप्लेट हातात घेऊन भोकं बघतो, तेव्हा तो उगाच नखरे करत नसतो.

एसएस रेलिंगमध्ये बीट का जळतात?

मशीनच्या क्षमतेइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा म्हणजे सर्वात कमी वेग. खरेदी करताना तो फार कमी लोक विचारतात.

भोक जितकं मोठं, तितकं बीट हळू फिरायला हवं. धातू कठीण असेल तर आणखी हळू. त्याचं सोपं सूत्र असं:

मिनिटाला फेरे = ३१८ × कापण्याचा वेग ÷ भोकाचा व्यास

साध्या हायस्पीड बीटसाठी एमएसमध्ये कापण्याचा वेग मिनिटाला साधारण २५ मीटर धरतात, एसएसमध्ये साधारण १२. आता हिशोब करू.

- एमएसमध्ये ६ मिमी भोक: सुमारे १,३२५ फेरे
- एमएसमध्ये १८ मिमी: सुमारे ४४०
- एमएसमध्ये २२ मिमी: सुमारे ३६०
- एसएसमध्ये १२ मिमी: सुमारे ३२०

श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरच्या पर्यटनामुळे हॉटेल आणि लॉजची एसएस रेलिंगची कामं या भागात असतात. पण अनेक स्वस्त बेंच ड्रिलचा सर्वात कमी वेगच मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या वर असतो. एसएसवर बीट जोरात फिरलं आणि दाब कमी पडला, तर ते कापण्याऐवजी नुसतं घासत राहतं. घासल्याने एसएस आणखी कडक होतं आणि बीट निळं पडून जळतं. मग दोष बीटच्या कंपनीला दिला जातो.

म्हणून औद्योगिक काम आणि एसएस दोन्ही करायचं असेल, तर सर्वात कमी वेग ३०० च्या आसपास किंवा त्याखाली असलेलं मशीन बघा. एसएससाठी कोबाल्टचं १३५ अंशाच्या टोकाचं बीट वापरा आणि कुलंट थांबू देऊ नका.

बेंच, पिलर, मॅग्नेट की रेडियल?

*बेंच ड्रिल:* छोटे जॉब, १३ मिमीपर्यंत. जागा कमी लागते.

*पिलर ड्रिल:* २० ते २५ मिमी. यात चक काढून टेपर दांडीचं बीट थेट स्पिंडलमध्ये बसवता येतं. १४ ते २३ मिमीच्या बीटांना साधारणपणे मोर्स टेपर २ ची दांडी असते, म्हणून स्पिंडल किमान त्या मापाचा हवा. खांब आणि स्पिंडलमधलं अंतरही मोजा. ३०० मिमी चौरस प्लेटच्या मधोमध भोक पाडायचं असेल, तर किमान १५० मिमी मोकळी जागा लागते.

*मॅग्नेट ड्रिल:* सहा मीटरचा बीम पिलर ड्रिलच्या टेबलावर येत नाही. अशा वेळी मशीनच बीमवर नेऊन चुंबकाने चिकटवतात. याचं कटर फक्त कडेची रिंग कापतं, त्यामुळे मोठं भोकही लवकर होतं. मात्र पातळ पत्र्यावर चुंबकाची पकड कमी होते आणि वीज गेली की चुंबक सुटतं. म्हणून साखळी बांधल्याशिवाय ते वापरायचं नाही.

*रेडियल ड्रिल:* जॉब जागेवर ठेवून मशीनची भुजा फिरवायची. मोठ्या, जड कामांसाठी उत्तम, पण छोट्या वर्कशॉपला सुरुवातीला याची गरज नसते.

थोडक्यात, काम प्लेटांचं असेल तर पिलर ड्रिल आणि बीमचं किंवा साइटवरचं असेल तर मॅग्नेट ड्रिल.

विजेचं काय?

२५ मिमीच्या पिलर ड्रिलला साधारण १ ते दीड एचपीची मोटर लागते. थ्री फेज जोडणी असेल तर थ्री फेज मोटर घ्यावी. तिची रचना साधी असते आणि त्यात कपॅसिटर नसतो. सिंगल फेज मोटर कमी व्होल्टेजमध्ये लवकर तापते.

जोडणी सिंगल फेजच असेल, तर व्हीएफडी नावाचं उपकरण लावून छोटी थ्री फेज मोटर चालवता येते आणि वेगही कमी-जास्त करता येतो. पण व्हीएफडीने वेग कमी केला म्हणून ताकद वाढत नाही. ती बेल्ट छोट्या पुलीवरून मोठ्या पुलीवर घेतल्याने वाढते. त्यामुळे मोठ्या भोकासाठी बेल्ट बदलण्याचा कंटाळा करून चालणार नाही.

किनाऱ्याची हवा हाही एक मुद्दा आहे. खांब, टेबल आणि स्पिंडलवर रंग नसतो. पावसाळ्यात रोज तेलाचा हात फिरवला नाही, तर चार महिन्यांत गंज धरतो.

पैसे कधी वसूल होतील?

बातमी वाचून मशीन घेऊ नका, हिशोब करून घ्या. पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

समजा, बेंचऐवजी पिलर ड्रिल घ्यायला ४५,००० रुपये जास्त लागतात. सध्या मोठी भोकं तुम्ही माणगावला पाठवून करून आणता आणि घरच्या घरी केली तर वाहतूक धरून भोकामागे २५ रुपये वाचतील. म्हणजे १,८०० भोकांनंतर पैसे वसूल. एका शेडमध्ये २० जोडण्या, प्रत्येकी २ प्लेटा, प्रत्येक प्लेटला ६ भोकं धरली तर २४० भोकं होतात. म्हणजे साधारण आठ शेड.

आता स्वतःला विचारा, येत्या दोन वर्षांत आठ शेड दिसतायत का? दिसत असतील तर मशीन घ्या. दिघीची उद्योगनगरी उभी राहायला वेळ लागेल, पण कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. दिघीची वाट बघत बसण्यापेक्षा आज हातात असलेल्या कामाच्या एक पायरी पुढचं मशीन घेणं शहाणपणाचं. दोन पायऱ्या पुढचं नको.

कर्ज आणि योजना

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसायांत लोहारही आहेत. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. व्हाउचरमधून हातातली अवजारं येतील, पिलर ड्रिल नाही. शिवाय ही योजना हाताने काम करणाऱ्या पारंपरिक कारागिरांसाठी आहे, प्रत्येक फॅब्रिकेशन वर्कशॉप तिच्यात बसत नाही.

पीएमईजीपीचं अनुदान नवा उद्योग सुरू करणाऱ्यांसाठी असतं. चालू वर्कशॉपमध्ये एक मशीन वाढवायचं असेल, तर मुद्रा कर्जाची ५०,००० ते ५ लाखांची 'किशोर' श्रेणी जास्त जवळची.

जीएसटी नोंदणी असेल तर मशीनवरचा १८ टक्के कर इनपुट क्रेडिट म्हणून वळता करता येतो. कंपोझिशन योजनेत असाल तर येत नाही. त्यामुळे दोन दुकानांचे भाव तुलना करताना करासह आणि कराशिवाय, दोन्ही विचारा.

आणि उद्यम नोंदणी करून ठेवा, ती मोफत आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असं एमएसएमई कायदा सांगतो. मोठ्या ठेकेदाराचं काम घेताना हा कायदा पाठीशी असलेला बरा.

दुकानात जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

- गेल्या सहा महिन्यांची कामं लिहून काढा. सर्वात मोठं भोक किती मिमीचं होतं? किती कामं केवळ भोकामुळे सोडली?
- क्षमता कोणत्या धातूसाठी आहे आणि सर्वात कमी वेग किती, दोन्ही विचारा.
- चालू मशीनवर तुमच्याच प्लेटमध्ये तुमच्या मापाचं भोक पाडून बघा.
- जुनं मशीन असेल तर स्पिंडल हाताने हलवून बघा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलेलं असू शकतं. टेबलावर पडलेली भोकं आधीचा मालक ते कसं वापरायचा हे सांगतात.
- बेल्ट, बेअरिंग, चक माणगाव किंवा महाडमध्ये मिळतात का? राजकोटहून सुट्या भागाची वाट बघत आठवडा गेला तर स्वस्त मशीन महाग पडतं.
- वाईस आणि क्लॅम्पचे पैसे पहिल्याच बिलात धरा. जॉब हाताने धरायचा नाही आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा बीटमध्ये गुंतला की हात आत खेचला जातो.

दिघीच्या कागदांवर हजारो कोटींचे आकडे आहेत. म्हसळ्यातल्या वर्कशॉपपर्यंत त्यातलं काम आलंच, तर ते एखाद्या ठेकेदाराच्या ड्रॉइंगच्या रूपात येईल. त्यावर लिहिलेलं असेल, १८ मिमी भोक, ड्रिल केलेलं. तेव्हा "होईल" म्हणता यावं, एवढी तयारी आजपासून करता येते.