डोकं पोराचं नाही, वर्गाचं तपासा

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जिथं शंभर किंवा जास्त विद्यार्थी, तिथं एक तरी समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ पाहिजे. चांगलं झालं. ठाण्यात येड्यांचं हॉस्पिटल १९०१ पासून उभं आहे (सभ्य माणसं मनोरुग्णालय म्हणतात). मन आजारी पडतं हे ह्या गावाला सव्वाशे वर्षं ठाऊक. शाळा ते आजारी पाडते, हे मात्र कुणी बोलत नाही.

माझा सवाल एकच, हा समुपदेशक डोकं कुणाचं तपासणार?

मी कल्याण पूर्वेचा, कोळसेवाडीतला. शाळेचं नाव घेत नाही. सर भर वर्गात ओरडायचे, "स्कॉलरशिपवाले उभे ऱ्हा!" आम्ही सात-आठ उभे, बाकीचे बघणार. जात विचारायचं कामच नव्हतं, ती उभीच असायची. नंतरच्या तासाला गणितं चुकली की सर म्हणायचे, ह्यांचं लक्षच नसतं. आज समुपदेशक असता तर मलाच बोलावून सांगितलं असतं, बाळ, दीर्घ श्वास घे.

श्वास घेऊन काय होणार? बसायला घरून गोणपाट नेणाऱ्या भीमराव नावाच्या पोराला साताऱ्याच्या शाळेत आत्मविश्वास कमी नव्हता. पाणी नव्हतं!

अन् हे मी रागानं नाही, शास्त्रानं बोलतोय. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे ह्या दोघींनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावर भूलभुलैया सोडवायला दिला. जात कुणी उच्चारली नाही, तेव्हा दलित पोरं सवर्णांच्या बरोबरीनं सोडवत होती. मग सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव, जात मोठ्यानं वाचली. दलित पोरांचे आकडे घसरले. पोरं तीच, मेंदू तोच. २००४ साली हे छापून आलं. तेव्हा सांगा, बिघाड कुठं होता?

१९७२ मध्ये आपण अमेरिकेतल्या काळ्यांकडून पँथर हे नाव घेतलं. त्यांचं मानसशास्त्र घ्यायचं राहिलं. केनेथ आणि मेमी क्लार्क ह्या काळ्या नवराबायकोनं लहान पोरांपुढं काळी-गोरी बाहुली ठेवली. बहुतेक काळ्या पोरांनी गोरीलाच चांगली म्हटलं. क्लार्कनं त्या पोरांना गोळ्या दिल्या नाहीत. पुरावा कोर्टात गेला, आणि १९५४ साली शाळांतला वर्णभेदच बेकायदा ठरला. मानसशास्त्र असं वापरायचं असतं, दोस्तांनो!

आपल्याकडं रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला, डॉक्टर पायल तडवी २२ मे २०१९ ला. लगेच चर्चा सुरू, ह्यांचं मन कमकुवत. पायलच्या आईनं तक्रार केली ती जातीच्या छळाची.

म्हणून समुपदेशक नको असं मी म्हणत नाही. पाहिजेच, आणि नुसता घोडबंदर रोडच्या एसी शाळेत नाही. ठाण्याच्या, कल्याण-डोंबिवलीच्या महापालिका शाळेतही पाहिजे. पण त्याच्या खुर्चीसमोर आधी मास्तर बसला पाहिजे. त्याच निकालात लिहिलंय, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या, दलित-आदिवासी पोरांशी भेदभाव न करता कसं वागायचं ते शिकवा. पालकसभेला जा. हेडमास्तरला विचारा, ते प्रशिक्षण कुठल्या तारखेला झालं? रजिस्टर मागा. आणि स्कॉलरशिपची यादी वर्गात वाचतात का, तेही विचारा.