छोटा हत्ती की मोठी पिकअप?

या वर्षी आमच्याकडे एकच प्रश्न तीन घरांतून आला. एक घर तुर्भ्याचे, एक कोपरखैरण्याचे, एक तळोज्याचे. तिन्ही ठिकाणी पोरगा नोकरीच्या मागे न लागता मालवाहतुकीत उतरतो आहे आणि तिन्ही ठिकाणी वाद तोच: टाटा एस घ्यायची, म्हणजे आपला छोटा हत्ती, की बोलेरोसारखी मोठी पिकअप? पोरगा मोठीकडे ओढतो, आई छोटीकडे, आणि बाप म्हणतो, सरांना विचारा. शिकवणाऱ्या माणसाला गाडीतले काय कळते, असे कुणी म्हणेल. पण वजन, माप, हिशेब हा तर शाळेचाच विषय.

आधी गाड्यांबद्दल थोडेसे. टाटा एस 2005 साली बाजारात आली. त्याआधी गल्लीबोळातला माल तीनचाकी टेम्पोतून जायचा, मोठा माल ट्रकमधून. मधली जागा जवळजवळ रिकामी होती. ती या दोन सिलिंडरच्या, जेमतेम सातशे सीसी डिझेल इंजिनाच्या चारचाकीने भरून काढली. तिच्या नेहमीच्या मॉडेलचे पासिंग साधारण पाऊण टनाचे. तिच्या वरची पायरी म्हणजे टाटा इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त, महिंद्राची बोलेरो पिकअप. यांचे पासिंग एक-सव्वा टनापासून 1.7 टनांपर्यंत जाते. बोलेरोला अडीच लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आहे. दोन्ही गाड्या रिकाम्या रस्त्याने पळवून पाहिल्या तर तरुण मुलगा कुठली निवडेल हे सांगायला नको.

आखातातून परतलेल्या मंडळींचा कलही मोठ्या गाडीकडेच असतो. सौदीत पिकअपला ‘वनेत’ म्हणतात, आणि वीस वर्षे हायलक्सची वनेत पाहिलेल्या माणसाला आपला छोटा हत्ती खेळण्यासारखा वाटतो. अमेरिकेत तर याहून गंमत आहे. तिथे मध्यम पिकअप घ्यावी की पूर्ण आकाराची यावर घराघरांत चर्चा चालते, आणि त्यातल्या कितीतरी गाड्या रोज एका माणसाला कचेरीत नेऊन आणतात. त्यांचे त्यांना लखलाभ. आपल्याकडे गाडी घर चालवण्यासाठी घेतली जाते, तेव्हा प्रश्न हौदा किती लांब याचा नसून तो रोज किती भरतो याचा आहे.

कोपरखैरण्याचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. वाशीच्या बाजार समितीतून पहाटे कांदा, बटाटा, आले, लसूण उचलायचा आणि नेरुळ-बेलापूरच्या हॉटेलांना पोचवायचा, हा त्याचा धंदा. आतापर्यंत भाड्याच्या टेम्पोवर चालला होता. त्याचे म्हणणे, “सर, लग्नसराईत टेम्पो अपुरा पडतो. मोठी घेतली की टेन्शनच नाही.” आम्ही त्याला विचारले, रोजचे वजन किती? त्याला सांगता येईना. सांगितले त्याच्या बायकोने. ती त्याचे बिलबुक सांभाळते. तिने मागच्या महिन्याच्या पावत्या काढल्या आणि अर्ध्या तासात हिशेब मांडला. 26 दिवस काम झाले होते. त्यात 17 दिवस माल सहाशे किलोच्या आत होता. 5 दिवस सहाशे ते साडेसातशे. फक्त 4 दिवस त्याच्या वर गेला होता, त्यातले तीन लग्नाच्या ऑर्डरचे.

कांद्याची गोण पन्नास किलोची धरली तर पाऊण टन म्हणजे 15 गोण्या आणि 1.7 टन म्हणजे 34. पोराच्या डोळ्यांपुढे त्या 34 गोण्या होत्या. वहीत रोजच्या 11-12 होत्या.

आता पैशांकडे येऊ. जून 2025 मध्ये टाटाने ‘एस प्रो’ काढली तेव्हा पेट्रोल मॉडेलची शोरूम किंमत 3 लाख 99 हजारांपासून सुरू झाली होती. मोठी बोलेरो पिकअप घ्यायची तर त्याच्या दुपटीहून जास्त लागतात. फरक 5 लाखांचा धरू. हे 5 लाख दहा टक्के दराने पाच वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता सुमारे 10,600 रुपये बसतो. कामाचे 26 दिवस धरले तर रोजचे 400 हून थोडे अधिक. म्हणजे मोठ्या गाडीने डिझेल, टायर, विमा यांचा जादा खर्च सोडून रोज आणखी चारशे रुपये कमवायला हवेत, आणि तेही ज्या दिवशी हौद्यात अकराच गोण्या आहेत त्या दिवशीसुद्धा. उलट त्या चार जड दिवसांना दुसरी फेरी मारली किंवा ओळखीच्याची गाडी भाड्याने घेतली तर किती जाईल? त्याच्याच सांगण्यावरून दिवसाला दीड हजार. चौकडी सहा हजार. हप्ता लाखांत असला की माणूस घाबरतो, रोजच्या चारशेत मांडला की विचार करतो. आम्हाला दुसरे बरे वाटते.

मात्र याचा अर्थ असा कुणी घेऊ नये की छोटी गाडी घ्यावी आणि तिच्यात दीड टन कोंबावा. हे सर्रास चालते. पाटे वाढवून घेतात, टायरांत हवा जास्त भरतात आणि निघतात. मोटार वाहन कायद्याच्या 194 व्या कलमाप्रमाणे जादा मालाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि माल उतरवण्याचा खर्च आपला. हौद्याबाहेर माल लोंबकळत असेल तर त्यालाही दंड आहे. दंड कधीतरी होईल. ब्रेक मात्र रोज लागतात. छोटा हत्ती बारा इंची चाकांवर चालतो. पावसाळ्यात शीव-पनवेल रस्त्यावरच्या खड्ड्यात भरलेल्या गाडीचे चाक उतरले की काय होते ते चालवणाऱ्यांना विचारा. अपघात झाला आणि गाडीत पासिंगपेक्षा जास्त माल निघाला, तर विमा कंपनी वाद घालायला मोकळी.

पासिंग म्हणजे काय, हेही अनेकांना नीट माहीत नसते. आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन. त्यांची वजाबाकी म्हणजे तुमचा हक्क. त्यातच चालक आला, सोबतचा माणूस आला, आणि तुम्ही मागाहून पत्र्याचा बंद डबा बसवला तर त्याचे वजनही त्यातूनच जाते. एकदा नेहमीचा माल भरून गाडी वजनकाट्यावर घाला. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा काटा नेहमी जड दाखवतो.

आता तळोज्याचे घर. तिथे आमचा सल्ला नेमका उलटा पडला. मुलाला एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे काम मिळणार होते: लोखंडी सुटे भाग, रोज टनाच्या वर, आठवड्यातून दोनदा खंडाळ्याचा घाट चढून चाकणला. तिथे छोट्या गाडीचे काय काम? घाटात दोन सिलिंडरचे इंजिन पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रडत चढेल, आणि उतरताना तर काळजी आणखी. अशा कामाला मोठी गाडीच हवी. फक्त काम कागदावर आल्यावर गाडी बुक करा, आधी नको, एवढेच आम्ही त्यांना निक्षून सांगितले. “गाडी घे, काम देतो” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

तुर्भ्याच्या घरचा मामला तिसराच. त्यांची बेकरी. खारी, टोस्ट, नानखटाई. वजन नाहीच, पण जागा भरपूर लागते. तिथे टनांचा हिशेब निरुपयोगी. लांबी, रुंदी, उंची मोजायची. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सव्वासात फूट लांब आणि पाच फुटांना जरा कमी रुंद असतो. बंद डबा उंच करून घेतला तर टोस्टची खोकी त्यात छान बसतात, आणि घणसोलीच्या गावठाणातल्या गल्लीत वळतेही. याच मापाची दुसरी बाजू म्हणजे प्लायवूडचा धंदा. आठ फुटी पाट सव्वासात फुटांच्या हौद्यात आडवा बसत नाही. मग फाळका उघडा टाकून जावे लागते. सुतारकामवाल्यांनी मोठा हौदाच पाहावा.

कागदपत्रांतली एक रेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. भरलेले वजन 3,000 किलोच्या आत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती सहज आत बसतो, मधल्या काही गाड्याही बसतात, 1.7 टनी बाहेर जाते. मग परमिटचा खर्च आणि खेपा आल्या. लायसन्सची काळजी मात्र दोन्हीकडे नाही. साडेसात टनांच्या आतले मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. वेगळ्या शेऱ्यासाठी एजंट पैसे मागत असेल तर त्याला हे सांगा. फिटनेस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे धरून चालावे.

आपल्या घरांत याच्या पुढचा प्रश्न व्याजाचा. छोट्या गाडीची खरी बाजू आम्हाला इथे दिसते. ती जुनी, चांगल्या हालतीतली, रोखीने घेता येते; किंवा मामा, चाचा, बहिणोई मिळून कर्ज-ए-हसना उभे करू शकतात. मोठी गाडी बहुतेक वेळा फायनान्सशिवाय दारात येत नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कर्जाचा दर सवलतीचा असला तरी व्याज आहेच. कुणी काय करावे हे आम्ही सांगणार नाही, ते ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण घरातल्या घरात उसने घेतले तरी ते लिहून ठेवा. सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहावा, साक्षीदार घ्यावेत असे स्पष्ट सांगितले आहे, आणि आपण नेमके नातेवाइकांत ते टाळतो. भावाला वाईट वाटेल म्हणून कागद करत नाही; पुढे चार वर्षांनी भाऊच बोलत नाही.

आणि सोने. कोपरखैरण्याच्या घरात सुनेच्या पाटल्या मोडायचे ठरत होते. ज्या मुलीने पावत्यांवरून अख्ख्या महिन्याचा हिशेब मांडला, तिच्याच. त्या पाटल्या तिच्या मेहरच्या. आम्ही सासूबाईंच्या समोरच विचारले, गाडीत तिचा हिस्सा लिहिणार, की तिचे कर्ज म्हणून लिहिणार? सगळे गप्प. मग सासूबाईच म्हणाल्या, “आमच्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं. माझा हार असाच गेला, रिक्षात.” मेहर ही बायकोची मालमत्ता आहे. ती खुशीने देते तेव्हाही ती हिस्सेदार म्हणून देते की सावकार म्हणून, हे तिला ठरवू द्यावे.

शेवटी त्यांनी चार वर्षे जुनी सीएनजी छोटी गाडी पाहिली आहे. सौदा अजून व्हायचा आहे. घेण्याआधी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा उतरला आहे का, थकलेली चलने किती आहेत, आणि सीएनजी टाकीची तपासणी कधी झाली. चौथी त्या सुनेने स्वतःच जोडली. गाडी बारा गोण्या भरून, उलव्याच्या पुलावरून एकदा चढवून दाखवा, मगच बयाणा.