आर्मस्ट्राँगच्या हसण्यावरचा खटला

जाझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग म्हणजे गोऱ्यांना हसवत, त्यांची मर्जी राखत जगलेला लाचार माणूस, हा आरोप त्याच्या हयातीतच रूढ झाला आणि अजून पुरता विरलेला नाही. पुरावा काय, तर चेहरा. ट्रम्पेट ओठांवरून काढलं की बत्तिशी दाखवत हसायचं, डोळे गरगरा फिरवायचे, पांढऱ्या रुमालाने घाम टिपायचा. बीबॉप या जाझशैलीच्या नव्या पिढीला हे बघवत नसे. त्यांच्यातल्याच डिझी गिलेस्पीने त्याला गुलामांच्या मळ्यातलं पात्र म्हणून हिणवलं. पुढे आत्मचरित्रात गिलेस्पीने हे मत बदललं, पण ठपका मात्र चिकटून राहिला.

चेहरा बाजूला ठेवून माणसाची कृती पाहावी.

सप्टेंबर १९५७. लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू द्यायचं नाही म्हणून आर्कान्साचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने नॅशनल गार्डचे जवान उभे केले होते. आर्मस्ट्राँग तेव्हा नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सला कार्यक्रमासाठी आला होता. गंमत अशी, की शाळा खुली करण्याचा आदेश देणारे न्यायाधीश रोनाल्ड डेव्हिस याच शहराचे. स्थानिक दैनिकाने मुलाखतीला एक एकवीस वर्षांचा विद्यार्थी-वार्ताहर पाठवला, राजकारणावर बोलायचं नाही अशी ताकीद देऊन. अशा ताकिदीचं जे व्हायचं तेच झालं. पोराने लिटल रॉकचा विषय काढला आणि आर्मस्ट्राँग उसळला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर दुतोंडी आहेत, त्यांच्यात धमक नाही, असं तो म्हणाला. फॉबसला हासडलेली शिवी छापता येण्यासारखी नव्हती, म्हणून दोघांनी मिळून ‘अडाणी नांगऱ्या’ असं काहीतरी सौम्य ठरवलं. हा हसरा माणूस असं बोलला यावर वृत्तसंस्थेचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी वार्ताहर मजकूर घेऊन पुन्हा त्याच्याकडे गेला. आर्मस्ट्राँगने तो वाचला, एक अक्षर खोडलं नाही आणि संमतीचा शेरा मारून सही ठोकली.

शीतयुद्धाच्या ऐन भरात परराष्ट्र खात्याने योजलेला सोव्हिएत दौराही त्याने धुडकावला. त्याच्या दौऱ्याच्या व्यवस्थापकाने सारवासारव करून पाहिली, तर आर्मस्ट्राँगने त्यालाच जाहीरपणे खोटं पाडलं. लाचार माणसाला इतकी हौस नसते. आठवड्याभरात आयझेनहॉवरनी लिटल रॉकला लष्कर धाडलं. ते आर्मस्ट्राँगमुळेच धाडलं, असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं होईल.

विरोधकांचा एक मुद्दा खरा आहे. वर्णभेदाने बसवलेल्या प्रेक्षकांपुढे तो वाजवत आला होता आणि कृष्णवर्णीय गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनियरने त्यावर तेव्हाच बोट ठेवलं. पण याच हिशेबात दुसरी नोंदही येते. १९५६ मध्ये लुइझियानाने काळ्या-गोऱ्या कलावंतांनी एकत्र कार्यक्रम करण्यावर बंदी घातली. आर्मस्ट्राँगच्या ताफ्यात दोन्ही वर्णांचे वादक असत. गोऱ्यांना वगळून न्यू ऑर्लिन्सला जाणं सोपं होतं. जन्मगाव होतं ते त्याचं. तो गेला नाही, थेट १९६५ पर्यंत.

हसण्यामुळे कला उथळ झाली, हा आरोपाचा दुसरा भाग. ज्याला हे पटतं त्याने १९२८ चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ लावावं. सुरुवातीला साथीशिवाय एकटं ट्रम्पेट झेपावतं आणि जाझमधला एकल वादक केवढा मोठा होऊ शकतो, हे काही सेकंदांतच कळतं. हाच माणूस १९६४ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, ‘हॅलो, डॉली!’ घेऊन बीटल्सना अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवतो. त्याच्यापुरती गंभीर कला आणि लोकांना खूश करणं यांत भिंत नव्हतीच. ती टीकाकारांनी बांधली.

मार्च १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्मात नागरी हक्कांच्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपलं, तेव्हा आर्मस्ट्राँग कोपनहेगनला होता. मोर्च्यात गेलो तर ते माझं तोंड फोडतील आणि तोंड गेलं की वाजवणं संपलं, असं त्याने पत्रकारांना सांगितलं. येशू काळा असता आणि मोर्च्यात निघाला असता, तर त्यालाही त्यांनी मारलं असतं, हेही तो बोलून गेला. यातलं पहिलं वाक्य तेवढं उचलून त्याला भित्रा ठरवणाऱ्यांनी दुसरं कुठल्या खात्यावर टाकलं, याचं उत्तर त्यांनीच द्यायचं आहे.