इटालियन शिकायची, तर वाढपी व्हा

उच्च शिक्षणासाठी आपल्या घरांतली मुले-मुली आता इटलीचाही विचार करतात. मिलान, तोरीनो, बोलोन्या येथील विद्यापीठांत कित्येक पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत, म्हणून पालक निर्धास्त असतात. अडचण पुढे येते. वर्गात इंग्रजी, खोलीवर हिंदी-उर्दू, घरच्यांशी फोनवर मराठी. दोन वर्षे सरतात, तरी डॉक्टरला दुखणे सांगता येत नाही आणि नोकरीच्या मुलाखतीत जीभ अडते.

व्याकरण शिकायच्या सोयी तिथे पुष्कळ आहेत. पेरुजा आणि सिएना येथे तर खास परदेशी लोकांसाठीची विद्यापीठे आहेत. सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रांतही परदेशी रहिवाशांना इटालियन शिकवतात. पण वहीतली भाषा जिभेवर यायला माणसे लागतात, आणि माणसे भेटतात खिदमतीत.

गरजूंना जेवू घालणारी भोजनगृहे इटलीत बहुतेक शहरांत आहेत. त्यांना ‘मेन्सा’ म्हणतात. त्यांतली अनेक कॅथलिक चर्चची ‘कारितास’ ही संस्था चालवते. रोममध्ये १९६८ साली सुरू झालेली ‘सांत एजिदियो’ मेन्साही चालवते आणि स्थलांतरितांना मोफत इटालियनही शिकवते. अशा ठिकाणी ताट वाढताना ‘पाने’ म्हणजे पाव, ‘अक्वा’ म्हणजे पाणी, ‘अन्कोरा?’ म्हणजे आणखी हवे का, ‘बास्ता’ म्हणजे पुरे, हे शब्द एका संध्याकाळी पन्नास वेळा कानावर पडतात. ते पाठ करावे लागत नाहीत.

अदबही तिथेच कळते. इटालियनमध्येही ‘तू’ म्हणजे तूच. पण वडीलधाऱ्या किंवा अनोळखी माणसाला ‘लेई’ म्हणायचे, आपल्या ‘आप’सारखे. इटलीत चार माणसांमागे जवळपास एक जण पासष्टीच्या पुढचा आहे. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना बाजारहाट करून देणारा, दोन घटका बसणारा कोणी हवाच असतो. ते आपल्या गतीने बोलतात, चूक झाली तर सांगतात. असा उस्ताद फी देऊन मिळत नाही.

अम्मी-अब्बांच्या मनात प्रश्न येईल, चर्चच्या संस्थेत जावे का? काम आहे भुकेल्याला अन्न देण्याचे. प्रार्थनेत सामील होणार नाही, डुकराचे मांस हाताळणार नाही, हे पहिल्याच दिवशी अदबीने सांगून ठेवावे. मेन्साच्या रांगेत मोरोक्को, पाकिस्तान, बांगलादेशचे आपले भाईही असतात. त्यांतल्या हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांचे म्हणणे इटालियनमध्ये पोचवायला ती भाषा जाणणारा हात लागतो, आणि दुसऱ्यासाठी बोलताना आपली भाषा झपाट्याने वाढते. स्वतःच्या जेवणासाठी ‘सेन्झा मायाले’, म्हणजे डुकराच्या मांसाविना, हे शब्द मुलांनी निघण्याआधीच शिकावेत. ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी. काही पावांत, पियादीनासारख्या पोळ्यांतही ती असते, म्हणून विचारूनच घ्यावे.

विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला २० तासांपर्यंतच पगारी काम करता येते. त्यातून आणि अभ्यासातून वेळ उरतो थोडाच. तरी आठवड्याची एक संध्याकाळ खिदमतीला राखून ठेवावी, आणि तीही पहिल्या महिन्यापासून, आपल्या मंडळींचा घोळका पक्का व्हायच्या आत. फोनवर मुलाला ‘जेवलास का?’ विचारता, तसे ‘या आठवड्यात कोणाला वाढलेस?’ हेही विचारा. उत्तरात दोन शब्द इटालियन आले, तर समजा, भाषा रुजते आहे.