ऐच्छिक कोणासाठी?



'ऐच्छिक विषय' हा शब्द मोठा गोड. इच्छा असेल तर घ्या, नसेल तर सोडा. पण जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात इच्छा कुणाची चालते? अकरावी-बारावीला बोर्डाने 'माहिती तंत्रज्ञान' ऐच्छिक ठेवलाय. वेबसाइट कशी बांधायची, प्रोग्राम कसा लिहायचा, सगळं त्यात आहे. पण जिथं लॅब नाही, शिकवणारा नाही, तिथल्या पोरीने इच्छा करून करायचं काय? पत्रकारितेला तर वेगळा तासच नाही. मराठीच्या पेपरात दहावीला बातमीलेखन, बारावीला वृत्तलेख, संपलं. बातमी कसली, तर शाळेत वृक्षारोपण थाटात संपन्न. शाळेच्या नळाला पाणी का नाही, ही बातमी कोण लिहायला लावतो?

कुणी म्हणेल, हमाला, तुला काय करायचंय कॉम्प्युटरशी? करायचंय. माझं गाव जुन्नर तालुक्यात, पोट मुंबईच्या गोदीत. शिक्षण मॅट्रिक. कुठला कंटेनर कुठं ठेवायचा हे पडद्यावर ठरतं, घाम आमचा गळतो. पडद्यावर आम्ही निव्वळ आकडा. आकडा मांडणारा आमच्यातला नसतो.

हे आजचं नाही. नाणेघाटात जा. दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे. यज्ञात किती गायी, किती हत्ती, किती कार्षापण दक्षिणा दिली, त्याचा हिशेब ब्राह्मी आकड्यांत कोरलाय. देशातल्या जुन्यात जुन्या आकड्यांत त्यांची गणती होते. घाटाचा दगड फोडणाऱ्याची मजुरी त्यात कुठं दिसत नाही. आणि त्याच जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी लेखात आहे, तिच्याकडे ठेवलेल्या ठेवीसकट. म्हणजे लिहिणारा बदलला की नोंद बदलते.

आज खोडदला ३० अजस्र अँटेना एका दुर्बिणीसाठी जोडल्यात, एकेक ४५ मीटर व्यासाची. लांबच्या आकाशगंगेची कुजबुज त्या टिपतात, कॉम्प्युटर ती जुळवतात. चांगलं आहे, विज्ञान आपलंही आहे. पण शेजारच्या आंबेगावात ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली. गाव दिसत नाही, ही खबर दिली एसटीच्या ड्रायव्हरने. ताऱ्याचा आवाज ऐकणाऱ्या मुलखात आदिवासी गावाचा आवाज ऐकायची सोय नव्हती!

म्हणून हे दोन विषय जोडीने पाहिजेत. नुसता कॉम्प्युटर शिकवलात तर कंपनीला स्वस्त ऑपरेटर मिळतील. नुसती पत्रकारिता शिकवलीत तर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे बातमीदार. दोन्ही एका हातात आले, की तोच हात विचारील : डिंभे धरणात कुणाची किती जमीन बुडाली, कुणाला काय मिळालं? स्कॉलरशिप किती पोरांची अडली? २००५ च्या माहिती अधिकाराने कागद काढायचे, आकडे पडद्यावर मांडायचे, पानभर बातमी छापून चावडीवर चिकटवायची. हातात मोबाइल आहे की, असं सांगू नका. मोबाइल आपल्याला मोजतो. आपण कधी मोजणार?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला, तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापली नाही. दुसऱ्याच्या कागदावर आपल्याला जागा नसते. आता कागदाच्या जोडीला पडदा आलाय, एवढाच फरक.

तेव्हा मागणी साफ आहे. आठवीपासून, प्रत्येक शाळेत, आश्रमशाळेतसुद्धा, कॉम्प्युटर आणि बातमी. ऐच्छिक नको, हक्काची.

आणि सरकारची वाट बघत बसू नका. शहरातल्या पोरांनो, तुमच्यात कुणाला प्रोग्राम लिहिता येतो, कुणाला पान लावता येतं. महिन्यातला एक रविवार घोडेगावला द्या, जुन्नरला द्या. जुना कॉम्प्युटर बरोबर न्या. भाषण नेऊ नका.

जयभीम.