बडोद्याचे पाहुणे आणि तांडेलाचं 'नाही'



दिवाळी सरली की मालवण, तारकर्ली, देवबागच्या रस्त्यावर जीजे ०६ नंबरच्या गाड्या दिसायला लागतात. जीजे ०६ म्हणजे बडोदा. आई-वडिलांना घेऊन देवदर्शनाला आलेली ही मंडळी नव्हेत. कॉलेजपासूनचे सहा-आठ मित्र, आता कुणी दुकानात, कुणी कंपनीत, वर्षातून एकदा जमलेले. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात. स्कूबा करून पाण्याखालचा व्हिडिओ, आणि घरच्या ताटात कधी येणार नाही असं काहीतरी खाऊन बघणं.

आम्हांला ही पोरं आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. प्रश्न विचारतात, हसतात, पैसे चोख देतात. त्यांच्यातले काही तर मराठीच. गायकवाडांच्या राज्यात गेलेली घराणी, दांडिया बाजाराकडची. मराठी बोलतात, पण मध्येच 'चालो' म्हणतात. बडोद्याने आपली उसळ घेतली, तिच्यावर मूठभर शेव टाकली आणि सेव-उसळ करून गावाची ओळख बनवली. अशा गावच्या माणसाला नवीन खायची भीती असेल कशी?

पाण्याचीही त्यांना भीती नाही. शहरातून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्तीत आल्या होत्या. आणि बडोद्याला समुद्र नाही हे आज खरं असलं, तरी बडोदा संस्थानाला होता. तिकडे द्वारका-ओख्याचा ओखामंडल हा भाग गायकवाडांचा. तिथल्या समुद्री जीवांचा अभ्यास करायला सयाजीरावांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या मत्स्यतज्ज्ञाला नेमलं, त्याचा अहवाल १९०९ आणि १९१६ अशा दोन भागांत छापला. मोत्याचे शिंपले, शंख, सगळं त्यात आहे. तेव्हा बडोदेकराला 'तुला समुद्रातलं काय कळतं' असं कुणी म्हणू नये.

पण भीती नसणं आणि समुद्र कळणं यात फरक आहे, आणि आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. असाच बडोद्याचा एक ग्रुप दुपारी किनाऱ्यावर आला. सकाळची वेळ ठरली होती, रात्री जागरण झालेलं, उठायला उशीर. तोवर वारा सुटला होता, पाणी गढूळ झालं होतं, लाटा फुटायला लागल्या होत्या. तांडेल म्हणाला, आज नाही, उद्या सकाळी सातला या. पोरं म्हणाली, काका, रात्रीची गाडी आहे, उद्या नाही जमणार, जास्त पैसे देतो. तांडेल नाही म्हणाला. मग ती पोरं दोनशे पावलं चालत गेली आणि दुसऱ्या होडीत बसली. सुखरूप परत आली, हे नशीब. जाताना आपल्या तांडेलाकडे बघून एकाने हात हलवला, म्हणजे बघा, काही झालं का?

काही झालं नाही. म्हणूनच ही गोष्ट लिहिण्यासारखी आहे. कारण त्या दिवशी नुकसान फक्त 'नाही' म्हणणाऱ्याचं झालं.

बडोद्याच्या लोकांना होडीचं आपण काय सांगणार? १८ जानेवारी २०२४ ला त्यांच्याच शहरात, हरणी तलावात, शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव होता, समुद्र नव्हता. लाट नाही, भरती-ओहोटी नाही. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात नव्हती. एवढंच पुरलं. आणि आपल्याकडे? २४ मे २०२२, तारकर्ली. स्कूबा करून परतणारी नौका किनाऱ्याजवळ आल्यावर उलटली आणि दोन पर्यटक गेले. पावसाळ्यासाठी पाणी बंद व्हायला अगदी थोडे दिवस उरले होते. हंगामाचा शेवट, पर्यटकांची गर्दी आणि बदललेला समुद्र हे तिन्ही एकाच वेळी येतात, दरवर्षी येतात. आपल्याला हे पाठ आहे. पाहुण्याला नाही. तो मोबाइलवर हवामान बघतो, तिथे ढग नसतो, म्हणजे त्याच्या मते सगळं ठीक.

काहीजण म्हणतील, सोसायटीच्या पानावर पर्यटनाचं कशाला, मासळीचं लिहा. अहो, आता कितीतरी घरांत एक भाऊ जाळ्यावर आणि एक भाऊ स्कूबाच्या होडीवर आहे. १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस मासेमारी बंद, पर्यटनाच्या होड्या तर मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. उरलेल्या महिन्यांत इंजिनाचा हप्ता, डिझेल, पोरांची फी सगळं बसवायचं. परप्रांतीय ट्रॉलर आणि एलईडीवाले यांनी रापणीला काय ठेवलंय ते आपण बघतोच. अशा वेळी समोर आठ माणसं रोख पैसे घेऊन उभी असताना 'नाही' म्हणणं सोपं नाही. ते आम्ही कुणाला शहाणपण म्हणून शिकवत नाही.

आमचं म्हणणं वेगळं आहे. एकट्या तांडेलाचं 'नाही' टिकत नाही. ते सगळ्या किनाऱ्याचं असावं लागतं. एका होडीने वारा बघून नकार दिला की त्या दिवशी, त्या वेळेनंतर, त्या किनाऱ्यावरून कुणीच पाहुणे न्यायचे नाहीत. सकाळी दोन-तीन जुन्या तांडेलांनी पाणी बघावं, धक्क्यावर बावटा लावावा, आणि बावटा लाल असला की ग्रुप बडोद्याचा असो वा मंत्रालयाचा, होडी सुटणार नाही. आगाऊ घेतलेले पैसे परत. आणि ज्याचं त्या दिवशीचं बुकिंग बुडालं त्याला पुढच्या चांगल्या दिवशी पहिला नंबर. रापण ओढताना वाटे पाडतोच ना आपण? दोरीला हात लावला त्या प्रत्येकाला वाटा. मग नुकसानीचे वाटे पाडायला काय हरकत आहे?

लाइफ जॅकेटचं तर बोलायलाच नको. फोटोत जाड दिसतो म्हणून पाहुणे काढून ठेवतात आणि खलाशी गप्प बसतो. किनाऱ्याला पाय लागेपर्यंत जॅकेट अंगात, नाहीतर इंजिन चालू होणार नाही, एवढं सांगायला इंग्रजी लागत नाही.

आता स्कूबाचं. आपली बरीच पोरं रीतसर शिकलेली आहेत, तारकर्लीत एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्रच आहे. तरी गर्दीच्या दिवसांत सूचना दोन मिनिटांत उरकली जाते. पोहता न येणाऱ्यालाही आपण खाली नेतो, त्यामुळे सूचना हाच त्याचा आधार. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, कानात दडे बसतात, नाक दाबून हवा सोडावी लागते. दुखायला लागलं की थांबायचं, रेटायचं नाही. श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर नाहीच. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्याबाहेर. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आणि विमानाने परतणार असाल तर डाइव्हनंतर १२ ते १८ तास जाऊ द्यावेत. हे शेवटचं फार कमी जण सांगतात, कारण ते ऐकून पाहुणा डाइव्ह रद्द करील अशी भीती. करू दे.

रात्रीच्या पार्टीचाही विषय आलाच. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे इकडे आल्यावर पहिल्या रात्री काय होतं ते होमस्टेवाल्यांना विचारा. त्याच पोरांना सकाळी सातला पाण्यात उतरायचं असतं. ज्याच्या तोंडाला वास येतोय त्याला खाली न्यायचं नाही. भांडेल, रागावेल, रिव्ह्यू वाईट देईल. देऊ दे.

पाण्याखाली आणखी एक खोड लागली आहे. मासे कॅमेऱ्यासमोर यावेत म्हणून बिस्किटं, पाव टाकायचे. मासे येतात, व्हिडिओ छान होतो, आणि रोज पाव खाणारा मासा पावाचाच होतो. प्रवाळावर उभं राहून फोटो काढणं तर त्याहून वाईट. एक पाय पडला की जे मोडतं ते वाढायला वर्षं लागतात, आणि पिल्लं तिथेच आसऱ्याला असतात. उद्या जाळ्यात यायची तीच. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून मागणारे असतात, त्यांना सरळ सांगावं की वन्यजीव कायद्याखाली हा गुन्हा आहे, तुम्हीही अडकाल आणि आम्हीही.

जेवणाचा भाग मात्र आनंदाचा. आमची एकच विनंती, आधी पाणी मग ताट. भरल्या पोटी होडीत बसलेला माणूस काय करतो ते खलाशांनाच धुवावं लागतं.

आणि ताटात काय द्यायचं? सुरमई आणि पापलेट ते कुठेही खातील. त्यांना तिसऱ्यांचं सुकं द्या, कुर्ल्यांचा रस्सा द्या, कालवं द्या, म्हाकूल द्या, मोरीचं मटण द्या. मोरी म्हणजे मुशी, हे आधी सांगा, मटण ऐकून घोळ होतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असतं, त्याची बी चावू नका हेही सांगा, नाहीतर जीभ बधिर झाली की पोरं घाबरतात. पेडवे, तारली, सौंदाळे ही आपल्या घरची मासळी पाहुण्याच्या ताटात का येत नाही, हे आम्हांला न सुटलेलं कोडं आहे. स्वस्त म्हणून लाज वाटते की काय? बडोद्याच्या पोरांना तीच नवीन आहे. आणि तिला गिऱ्हाईक मिळालं तर टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या बायकांच्या पदरात दोन पैसे पडतील.

फक्त शिंपल्यांच्या बाबतीत हयगय नको. तिसऱ्या, कालवं पाणी गाळून खातात, घाण पाणी असेल तर घाणही त्यांच्यात. स्वच्छ खाडीतलीच, ताजी, पूर्ण शिजलेली द्यावी. कुणी व्हिडिओ बघून आलेला कालव कच्चं मागेल, त्याला हात जोडावेत. ज्याने जन्मात कोळंबी-खेकडा खाल्ला नाही त्याला आधी थोडं द्यावं. ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नये, लगेच दवाखाना.

पापलेटबद्दल थोडं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटला राज्य मासा केलं, त्याच वर्षी गुजरातने घोळीला. पाहुण्यांशी गप्पा मारायला चांगला विषय आहे. पण त्याच वर्षी आपल्या सरकारने ५४ जातींच्या मासळीची किमान मापंही ठरवली, पापलेटचं १३५ मिलिमीटर. वीत पण न भरणारी पापलेटची पिल्लं तळून 'बेबी पॉम्फ्रेट' म्हणून ताटात ठेवायची आणि पुढच्या सभेत पापलेट संपलं म्हणून ओरडायचं, हे बरं दिसत नाही.

दराचं शेवटचं. मासा पाहुण्यासमोर तोलावा, भाव आधी सांगावा, मग तव्यावर टाकावा. जेवल्यावर बिल बघून चेहरा पडला की तो बडोद्यात जाऊन दहा जणांना सांगतो, आणि त्या दहात मालवणचं नाव जातं, तुमच्या खानावळीचं नाही. स्कूबाचंही तसंच. पाण्यात किती मिनिटं, व्हिडिओ धरून की वेगळा, हे होडीत बसायच्या आधी.

बावट्याचा विषय पुढच्या मासिक सभेत घ्यावा अशी आमची मागणी आहे. ज्यांच्या होड्या पर्यटनाला लागतात त्या मालकांनी तर यावंच, पण ज्यांच्या नाहीत त्यांनीही यावं, कारण पाणी बघणारे जुने तांडेल बहुतेक त्यांच्याच घरात आहेत. सकाळी सहाला धक्क्यावर उभं राहायला कोण कोण तयार आहे, त्यांनी खाली कमेंटमध्ये नाव लिहा.